कूलरच्या टाकीतली रेड वाईन

नागपुरात ‘वाईन शॉप’ अशी पाटी लावलेल्या दुकानात सगळं मिळतं, फक्त वाईन मागितली की दुकानदाराचा चेहरा पडतो. जाळीच्या आतला माणूस आधी माझ्या पिकलेल्या केसांकडे बघतो, मग माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघतो. एकदा त्यानं विचारलं, "मॅडम, केक में डालने के लिए चाहिए क्या?" मी म्हटलं, "नहीं, पीने के लिए. मुझे ही पीना है." रांगेतले चौघे वळून बघायला लागले. त्यांना काय काय हवं होतं ते मी विचारलं नव्हतं. मग दुकानदारानं माझी बाटली आतून शोधून आणली, धूळ पुसली, आणि मी नको नको म्हणत असताना वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या काळ्या पन्नीत घातली. पुरुषांना बाटली तशीच हातात देतात. त्या पन्नीचा मला अजून राग येतो.

ही वाईन नाशिककडची. फार नावाजलेली नाही, महागही नाही. बरी चप्पल घ्यायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात येते. तिला बूच नसतं, झाकण पिळून उघडायचं. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीस वर्षं टेक्निशियन आहे. आमच्या मॅडमना कोणीतरी दिवाळीला दिलेली ही बाटली त्यांनी मला देऊन टाकली, कारण झाकण बघूनच त्यांनी नाक मुरडलं होतं. मी घरी आणली, स्टीलच्या पेल्यात ओतली आणि घोट घेतला. मी एकटी राहते, त्यामुळे कोणाला विचारायचं नव्हतं. पहिल्यांदा जीभ आवळली, जांभूळ खाल्ल्यावर आवळते तशी. मग आंबट आलं, अर्धवट पिकलेल्या बोराचं. आणि गिळून झाल्यावर घशाशी किंचित धूर राहिला, आणि तो आवडला. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी दीड पेला, सोबत झणझणीत वांग्याची भाजी नाहीतर खारे शेंगदाणे. बाटली तीन शनिवार पुरते. शेवटच्या शनिवारी ती जरा उतरलेली असते, तरी मी पिते.

दोन वर्षांपूर्वी मॅडमच्या रामदासपेठेतल्या घरी जेवण होतं. मी मोठ्या हौशीनं हीच बाटली नेली. तिथे परदेशातून परतलेले एक डॉक्टर होते. त्यांनी बाटली दोन बोटांत धरून लेबल वाचलं, झाकण बघितलं, आणि म्हणाले, "ही स्वयंपाकात घालायची असते." सगळे हसले. मॅडमही हसल्या. वर त्या डॉक्टरांनी मला शिकवलं, की रेड वाईन कधी थंड करायची नाही, रूम टेम्परेचरलाच प्यायची. मे महिना होता. बाहेर डांबर वितळत होतं. मॅडमच्या दिवाणखान्यात दोन एसी होते, त्यामुळे त्यांच्या रूमचं टेम्परेचर वेगळं. माझ्या खोलीच्या टेम्परेचरला वाईन ठेवली तर तिच्यात चहापत्ती टाकून पिता येईल. हे मला तिथं बोलता आलं नाही. मान डोलावून मी वाढलेलं जेवले आणि घरी येऊन भांडी घासताना एकटीच त्यांना उत्तरं दिली. चव कळायला परदेशी जावं लागतं असं ज्याला वाटतं, त्याची जीभ कापून मायक्रोस्कोपखाली ठेवली तरी तिच्यात काही सापडणार नाही.

तर मी माझी पद्धत शोधून काढली. फ्रीजमध्ये ठेवली की वाईन मुकी होते, नुसती आंबट लागते. खोलीत ठेवली की तिचा काढा होतो. पण नागपूरच्या उन्हाळ्यात घरात एक जागा अशी असते जी ना गार ना गरम: कूलरची टाकी. वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपून आलेलं पाणी. शनिवारी सकाळी कामावर जाताना टाकी भरायची, मोटरच्या बाजूला बाटली आडवी सोडायची. आधी लेबल मात्र काढून टाकायचं, नाहीतर ते भिजून सुटतं. दुपारी घरी आलं की कूलर लावायचा. संध्याकाळपर्यंत बाटली बरोब्बर मॅडमच्या दिवाणखान्याएवढी थंड झालेली असते. ही युक्ती मी कोणाला सांगितली नव्हती. कौतुक करणारंही कोणी नव्हतं.

आता माय. माझी आई. ती उमरेडला राहते. माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात पंचशील रोज म्हटलं जातं आणि त्यातलं पाचवं शील, नशा न करण्याचं, माय जरा जास्त मोठ्यानं म्हणते. तिला कारणही होतं. माझे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि प्यायचे. तांदळाच्या पिंपात, सरपणाच्या मागे, पाण्याच्या ड्रमात, कुठे कुठे बाटल्या दडवायचे, आणि माय त्या हुडकून काढून नालीत ओतायची. ती तरणी असताना वस्तीतल्या बायांना घेऊन दारूच्या गुत्त्यावर चालून गेली होती. पदर खोचून सगळ्यांत पुढे. मी लहान होते, तिच्या मागे पळत होते. मला अजून दिसतं, निघायच्या आधी बाया गोलात बसल्या होत्या, मधे मायची पितळी डबी उघडी होती, आणि प्रत्येकीनं चिमूटभर तंबाखू चुन्यात मळून गालात धरली होती. नशेच्या विरुद्ध लढायला निघालेल्या बाया. त्यात काही चुकतंय असं एकीलाही वाटलं नाही. दारू म्हणजे नशा. तंबाखू म्हणजे तंबाखू. भाकरी थापून पाठ दुखली की, उन्हात निंदण करून आलं की, दुःख झालं की, तोंडात टाकायची वस्तू.

मागच्या वर्षी मायच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला, मग त्याची जखम झाली. तिनं हळद लावली. धाकट्या भावानं, जो तिच्याजवळ राहतो आणि रोज संध्याकाळी पिऊन येतो, त्यानं मला दोन महिने काही कळवलं नाही. ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी सहा आठवडे सेक द्यायला सांगितलं. रेडिएशनला आमच्याकडे सगळे सेकच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज, मधे खंड पडला तर केलेलं वाया जाऊ शकतं, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. सेकाचं हॉस्पिटल धंतोलीत, माझ्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटं. म्हणून एप्रिलच्या शेवटी माय माझ्याकडे राहायला आली. डबी तिनं उमरेडलाच ठेवली होती. पिशवीत दोन लुगडी, फाइल आणि स्वतःचा पेला.

तिला माझं शनिवारचं कळलं तर ती एक घटकाही माझ्या घरी थांबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलगा पितो ते तिनं गिळलंय. त्याला ती बडबडते आणि वाढते. पण मी तिची शिकलेली, शहाणी मुलगी. नवरा सोडून आल्यावर सगळे माझ्या विरुद्ध होते तेव्हा ही एकटी म्हणाली होती, "माह्या पोरीत खोट नाही." ती निघून गेली की उमरेडहून रोज एसटीनं येणं तिला झेपणार नव्हतं. सेक तुटणार होता. म्हणून सहा आठवडे बाटली आणायचीच नाही असं मी ठरवलं. तीन आठवडे पाळलंही.

पण त्या तीन आठवड्यांत मायच्या तोंडात फोड आले. वरण, मऊ भात, शेवटी नुसतं दूध. पाणी गिळताना ती भिंतीला हात लावून उभी राहायची. लॅबमध्ये आठवडाभर समोर येत होते ते सगळे गालाचे, जिभेचे, हिरड्यांचेच तुकडे, डब्यांवर गावांची नावं, आख्ख्या विदर्भातून. घरी येऊन तेच बघायचं. चौथ्या शनिवारी माझा तोल गेला. सकाळी आठला, मी लॅबला निघायच्या आधी, शेजारच्या एक आजी मायजवळ येऊन बसल्या, तेवढ्यात मी आदल्या दिवशी आणून पर्समध्ये दडवलेली बाटली घाईघाईत टाकीत सोडली. आणि लेबल काढायचं विसरले.

दुपारी अडीचला घरी आले तर खोली भट्टीसारखी तापलेली. कूलर बंद. बाजूची ताटी काढून भिंतीला लावलेली, फरशीवर पाणी, आणि माय पाटावर बसलेली. तिच्या समोर बाटली होती, आणि बाटलीशेजारी मोटरच्या जाळीत अडकून लगदा झालेलं लेबल. पाणी वर चढत नव्हतं, गरम हवा यायला लागली, म्हणून तिनं स्वतः उघडून बघितलं होतं. तिला कूलर उघडता येतो हे मी विसरले होते. उमरेडच्या घरचा तीच साफ करते.

"काय व्हय हे?" तिला फोडांमुळे नीट बोलता येत नव्हतं.

"वाईन आहे, माय."

"दारूच ना?"

"द्राक्षाची असते. आठवड्यातून एकदा घेते मी. दीड पेला."

"तुहा बापबी असाच पाण्यात ठेवत होता," ती म्हणाली. "ड्रमात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मी लपवलेली नाही. गार करायला ठेवलीय. मी तिला तापमान समजावून सांगायला लागले. फ्रीजमध्ये काय होतं, खोलीत काय होतं. तोंडभर फोड आलेल्या बाईला मी उभ्यानं रेड वाईन कशी प्यावी यावर भाषण देत होते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गार कराले ठेवली होती, त मले काहून नाही सांगितलं?"

 ती उठून पिशवी भरायला लागली. एक लुगडं दोरीवर वाळत होतं, ते ओलंच घडी करून आत ठेवलं. "मले बसवर सोडून दे," म्हणाली.

तेव्हा मी ते बोलले. मी ओरडले. शेजारच्यांना ऐकू गेलं असणार. "दारू नशा, आणि तुही डबी नाही का नशा? पन्नास वर्षं तू गालात काय धरून बसली होती? पंचशील म्हणायची न् थुंकून यायची! बापाच्या दारूनं तुह्या तोंडाले काही झालं नाही. तुह्याच तंबाखूनं हे झालं, तुह्याच हातानं!"

माय खाली बसली. मला वाटलं ती रडेल. तिनं ओल्या लुगड्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुले ठाऊक होतं?" तिनं विचारलं. "तंबाखूनं असं होते म्हणून?"

"सगळ्या जगाले ठाऊक आहे."

"जगाचं नाही विचारून राहिली मी. तुले. तू तिथं तोंडाचे तुकडे काचेवर लावते, तूच सांगत होती. किती वर्षं झाले?"

"तीस."

"मग मले काहून नाही सांगितलं वं? दारूचं आमाले सांगितलं लोकायनं, आमी सोडलं, दुसऱ्याईचं सोडवलं. याचं कोणी नाही सांगितलं. पुडीवर चित्र राह्यते, पण मी त खुली घेत होती. आन् इकत तरी मी कुठं घेत होती? दर महिन्याले तूच त आणत होती."

हे मी वर लिहिलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही. उमरेडला जाताना दर महिन्याला मी इतवारीच्या बाजारातून तिच्या आवडीची तंबाखू न्यायची. पाव किलो, काळी, जाड पानाची. तिच्यासाठी साडी नेली की ती म्हणायची कशाला, फळं नेली की शेजाऱ्यांना वाटून टाकायची. तंबाखूचा पुडा हातात दिला की हुंगायची आणि हसायची. त्या एका हसण्यासाठी मी सकाळी स्लाइडवर गालाचा तुकडा चढवून संध्याकाळी पुडा घेऊन बसमध्ये बसले आहे. एकदा नाही, शेकडो वेळा. तिला सांगायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. दर वेळी आलं. ती चिडेल, मला शहाणपण शिकवते म्हणेल, पुढच्या वेळी तशी हसणार नाही, म्हणून सांगितलं नाही.

त्या दिवशी तिला बसवर सोडायला मी नकार दिला आणि रविवारी तिनं माझ्याशी बोलायला. पिशवी दाराशी भरून ठेवलेली. मी कूलर दुरुस्त केला, बाटली कपाटावर ठेवली, तिला हात लावला नाही. दिवसभर माझ्या डोक्यात भांडण चालू होतं. भावावर राग, त्यानं दोन महिने दडवलं म्हणून. बापावर राग, त्याच्यामुळे सगळ्यांचं लक्ष बाटलीवर राहिलं, डबीवर कोणाचं गेलंच नाही. पाव किलो मोजून देताना "अजून काही?" विचारणाऱ्या दुकानदारावर राग. त्या वाईन शिकवणाऱ्या डॉक्टरवरसुद्धा, त्याचा काहीएक संबंध नसताना. रात्रीपर्यंत सगळे संपले आणि मी उरले.

सोमवारी सेकाची साडेनवाची वेळ होती. नऊला मी फाइल घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "तू चिडशील म्हणून नाही सांगितलं, माय. दारूचं न् तंबाखूचं, दोन्ही त्याच भीतीनं नाही सांगितलं."

 तिनं पिशवीतून ते लुगडं काढलं. दमट राहून त्याला वास यायला लागला होता. तिनं ते दोरीवर टाकलं आणि चप्पल घातली. "चाल," म्हणाली. "सेक पुरा करतो मी. तुह्यासाठी नाही, माह्यासाठी." ऑटोत ती बाहेर तोंड करून बसली.

त्या आठवड्यात ती रोज गेली. आमचं बोलणं कामापुरतं. शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना तिनं कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "घे. माह्या पुढं घे. चोरून काहून घेते?" मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण ती पाटावर बसून वाट बघत होती. मी झाकण पिळलं, पेल्यात ओतलं, तिच्यासमोर बसले. बाटली गरम होती, मी ती टाकीत सोडलीच नव्हती. तरीसुद्धा पहिल्या घोटाला जांभूळ आलं, बोर आलं, धूर आला. गरम असूनही आलं. मायच्या पेल्यात दूध होतं. तिला महिनाभर कशाचीच चव लागत नव्हती. गोड नाही, तिखट नाही, दूध चुन्याच्या निवळीसारखं लागतं म्हणायची. परत येईल की नाही ते डॉक्टरांनी नक्की सांगितलं नव्हतं.

"कशी लागते?" तिनं विचारलं.

कडू म्हणावं, औषधासारखी म्हणावं, असं माझ्या तोंडाशी आलं. आयुष्यभर तिच्याशी मी तेच करत आले होते, तिला बरं वाटेल तेवढंच बोलायचं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चांगली लागते, माय," मी म्हणाले. "खूप चांगली."

खरं तेच होतं. आणि त्या चांगल्या चवीचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचाच आला नव्हता.